नम्पायमधील अ‍ॅरे आणि गणनाची विश्वसनीयता

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथॉन ही भाषा सर्वसाधारण कामांसाठी योजिलेली आहे. वैज्ञानिक गणन हा तिचा मूळ हेतू नव्हे. तीत प्रत्येक संख्या ही एक स्वतंत्र वस्तू असून तिची जात प्रत्येक क्रियेच्या वेळी तपासली जाते. दहा लक्ष संख्यांची बेरीज करावयाची तर हा तपासही दहा लक्ष वेळा घडतो. ही अडचण दूर करण्यासाठी जिम ह्युगुनिन यांनी १९९५ मध्ये ‘न्युमेरिक’ हा आज्ञासंग्रह रचला. पुढे हबल दुर्बिणीच्या प्रचंड प्रतिमा हाताळणाऱ्या संस्थेत ‘नमअ‍ॅरे’ निर्माण झाला आणि अभ्यासकांत दोन तट पडले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी त्यांचा मिलाफ घडवून ‘नम्पाय’ सिद्ध केला, त्याची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये निघाली. त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता व सुधारता येते.

नम्पायच्या अ‍ॅरेमध्ये सर्व घटक एकाच जातीचे असतात व सामान्यतः स्मृतीत सलग मांडलेले असतात. १००० × १००० च्या मॅट्रिक्सचा प्रत्येक घटक ८ बाइटांचा धरल्यास एकंदर ८० लक्ष बाइट लागतात. पुढच्या स्तंभाकडे जाण्यास ८ बाइटांची, तर पुढच्या ओळीकडे जाण्यास ८००० बाइटांची उडी घ्यावी लागते. ओळी व स्तंभ यांची अदलाबदल करताना एकही घटक हलत नाही. केवळ या दोन उड्या परस्परांची जागा घेतात. युक्ती मोठी सुंदर, परंतु तीत एक धोका आहे. नवा भासणारा अ‍ॅरे जुन्याच स्मृतीचे दुसरे दर्शन असल्याने एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो.

याहून गंभीर प्रश्न संख्यांच्या जातीचा होय. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४७,४८३,६४७ आहे. अशा अ‍ॅरेतील ५०,००० या संख्येचा वर्ग केल्यास २,५००,०००,००० न मिळता −१,७९४,९६७,२९६ मिळतात, आणि तेही कोणतीच सूचना न देता! विंडोजवर पूर्णांकाची स्वाभाविक जात दीर्घकाळ ३२ बिटांची होती, तर ६४ बिटांच्या लिनक्सवर ती ६४ बिटांची. अर्थात एकाच आज्ञावलीने दोन यंत्रांवर दोन उत्तरे दिली असती व दोन्ही संशोधक आपापल्या परी निर्धास्त राहिले असते. जून २०२४ मधील २.० आवृत्तीने ही विषमता ६४ बिटांच्या विंडोजपुरती दूर केली. मात्र त्याच आवृत्तीत मिश्र जातींचे नियमही पालटले. नम्पायची ३२ बिटांची एकटी दशांश संख्या आणि पायथॉनची साधी दशांश संख्या यांची बेरीज पूर्वी ६४ बिटांत होई. आता ती ३२ बिटांतच राहते, म्हणजे सुमारे १६ सार्थ अंकांऐवजी सुमारे ७.

यास्तव प्रबंधात केवळ ‘गणन नम्पायने केले’ असे लिहिणे अपुरे आहे. आवृत्तीचा क्रमांक, कार्यप्रणाली व अ‍ॅरेची जात ही तिन्ही नोंदविल्याखेरीज परीक्षकास ते गणन पडताळून पाहता येणार नाही.