अल्प-पार्श्वभूमी शोधकांतील प्लॅस्टिक आणि वायूंचे शोषण

कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली वातावरणीय न्यूट्रिनोंचा वेध घेतला. विश्वकिरणांपासून संरक्षण हे तेथे खडकाचे काम होते. कृष्णद्रव्याच्या शोधात मात्र तेवढ्याने भागत नाही. उपद्रवाचे मूळ उपकरणाच्या भिंतीतही असते.

द्रव झेनॉनच्या शोधकांत टेफ्लॉनचा वापर विपुल होतो, कारण झेनॉनचा अतिनील प्रकाश ते उत्तम परावर्तित करते व विद्युत्‌रोधकही आहे. परंतु प्लॅस्टिक म्हणजे काच नव्हे. लोणच्याचा वास डबा घासूनही जात नाही, तद्वतच हवेतील क्रिप्टॉन व रेडॉन त्यात मुरतात. किती वायू मुरेल हे विद्राव्यतेवर आणि किती वेगाने मुरेल हे विसरणगुणांकावर अवलंबून असते. दोन्ही बाजू मोकळ्या असलेल्या पत्र्यातून वायू बाहेर पडण्याचा काल जाडीच्या वर्गास विसरणगुणांकाच्या सुमारे दहापटीने भागले असता मिळतो. विसरणगुणांक सेकंदास १०⁻⁸ चौरस सेंटिमीटर मानल्यास एक सेंटिमीटर जाडीस हा काल जवळजवळ चार महिने येतो. जाडी दुप्पट केल्यास सोळा महिने.

रेडॉनचा अर्धायुकाल अवघा ३.८ दिवस, तेव्हा थोडे थांबले की झाले, असे वाटेल. पण त्याच्या क्षयमालिकेतील शिसे-२१० बावीस वर्षांच्या अर्धायुकालाचे आहे. त्यातून उद्भवणाऱ्या पोलोनियमचे अल्फा कण टेफ्लॉनमधील फ्लुओरिनवर आदळून न्यूट्रॉन निर्माण करतात, आणि न्यूट्रॉनचा आघात कृष्णद्रव्याच्या अपेक्षित आघातासारखाच दिसतो.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक खाणीत ‘लक्स’ शोधकापुढे २०१३ साली हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. अंशांकनासाठी ट्रिटियम झेनॉनमध्ये मिसळावयाचे होते. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे, ते प्लॅस्टिकमध्ये मुरून पाझरत राहिले असते तर सारा प्रयोग वाया गेला असता. शुद्धीकरणयंत्र झेनॉनमधील अशुद्धी काढते, टेफ्लॉनच्या पोटातील नव्हे. म्हणून हायड्रोजनरूप ट्रिटियमऐवजी मंद विसरणाचे ट्रिटियमयुक्त मिथेन निवडण्यात आले व आधी साध्या मिथेनने चाचणी घेण्यात आली. प्रत्यक्षात ते सुमारे सहा तासांच्या कालांकाने नाहीसे होत गेले. ही सावधगिरी अतिरेकी खचितच नव्हती.

यात थंडीचेही साहाय्य झाले. उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास विसरण फारच मंदावते व नवा वायू आत शिरत नाही. पण जुना वायूही सहजी बाहेर येत नाही; तो काढावयाचा तर शोधक थंड करण्यापूर्वी, निर्वातात ठेवूनच काढावा लागतो.