बाहेर आलेल्या अंगावरची जखम लपवू नका

‘अंग बाहेर येणे’ ही तक्रार आपल्या घरांत अजूनही कुजबुजत सांगितली जाते. बाळंतपणं, वाढतं वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय, मूत्राशय किंवा योनीची भिंत खाली उतरते. हा कॅन्सर नव्हे. पण बाहेर आलेला भाग कपड्याला घासून कोरडा पडतो आणि त्यावर जखम होते. बहुतेक जखमा अंग आत बसवून व इस्ट्रोजेनचं मलम लावून काही आठवड्यांत भरतात. जी भरत नाही, जिचे काठ कडक आहेत किंवा जिच्यातून सहज रक्त येतं, तिची बायोप्सी करून घ्यावी. पाळी गेल्यानंतर रक्त किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर तेही ‘अंगामुळेच’ असं समजू नये.

योनीचा कॅन्सर क्वचित होतो. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरपैकी तो शंभरात एक-दोन. अंग बाहेर आलेलं असताना तो होणं आणखी दुर्मिळ, त्यामुळे उपचारांचा एकच ठरलेला नियम नाही. गाठ लहान असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर काही जणींत गर्भाशय व योनीचा रोगट भाग काढून त्याच वेळी अंगही सावरता येतं.

रोग पुढे गेला असेल, तर किरणोपचार आणि बरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिन देतात. इथे खरी अडचण येते. खाली-वर होणारा भाग रोज एकाच जागी राहत नाही, म्हणून किरणांचा नेम चुकू शकतो. त्यासाठी अंग आधी आत बसवून स्थिर करावं लागतं. शिवाय फार उतरलेल्या अंगामुळे मूत्रनळ्या मुडपून मूत्रपिंडं फुगू शकतात, आणि सिस्प्लॅटिनला मूत्रपिंडं चांगली लागतात. म्हणून सोनोग्राफी व क्रिएटिनिनची तपासणी आधीच व्हावी. कॅन्सरचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर एकत्र बसून उपचारांचा क्रम ठरवतात, तो याचसाठी.

शिकागोजवळच्या शॉमबर्गसारख्या गावी मुलांकडे गेलेल्या आईची अडचण निराळी. डॉक्टरांपुढे दुभाषी म्हणून मुलगा उभा राहिला की ती हे दुखणं सांगतच नाही. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना रुग्णासाठी विनामूल्य दुभाषी द्यावा लागतो. मराठीसाठी फोनवरचा दुभाषी मागावा, स्त्री डॉक्टरही मागावी. त्यात संकोच कसला? आपल्या समाजातल्या डॉ. जेरूशा झिराड १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बायकांना आपलं दुखणं बाईजवळ बोलता यावं, हीच त्या हॉस्पिटलमागची गरज होती.

पेसरी, म्हणजे आधाराची रिंग, बसवली असेल तर ती ठरल्या वेळी काढून आत तपासून घ्या. आणि घरातल्या सुना-लेकींनो, आईला एकांतात एकदा विचारा.