ऊन लागलंच नाही, मग मळमळतंय का?

मे महिन्यातल्या रविवारी पहाटे पाचच्या सुमारास बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर थांबलं, तर धावणारे दोन प्रकारचे दिसतात. मनगटावर घड्याळ आणि कमरेला बाटली असलेल्यांची पावसाळ्यानंतरच्या शर्यतींची, म्हणजे साताऱ्याची सप्टेंबरमधली हिल मॅरेथॉन किंवा जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन अशांची तयारी चाललेली असते. दुसरी, पोलीस भरतीची मुलं. त्यांच्याकडे बाटली नसते आणि बुटांचे तळ झिजलेले असतात. उल्हासनगरच्या मैदानांवर आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवरही हीच दोन मंडळी भेटतात.

दोघांची तक्रारही एकच. धावताना काही होत नाही. घरी आलं की डोकं ठणकतं, मळमळतं, समोरचे पोहे नकोसे होतात, दुपारभर नुसतं पडून राहावंसं वाटतं. वर कोडं असं, की सूर्य वर येण्याआधीच घरी परतलो, मग ऊन लागलं कसं?

ऊन लागलेलंच नसतं. उष्णता आतून आलेली असते. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो, तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा पाय हलवायला लागते, बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. ढोबळ हिशेब करून पाहू. ६५ किलो वजनाचा माणूस ५ किलोमीटर धावला तर साधारण ३२५ किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या अडीचशेच्या आसपास उष्णतेच्या रूपात अंगात उरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान चार अंशांहून जास्त वाढेल, म्हणजे ३७ वरून थेट ४१ च्या पुढे. रविवारचं धावणं तर पंधरा-वीस किलोमीटरचं असतं.

तापमान इतकं वाढत नाही, याचं श्रेय घामाला. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो उडाला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेची हवा अनेकदा दमट आणि पडलेली असते. घाम उडत नाही, नुसता गळतो. गळालेल्या घामातून पाणी जातं, मीठ जातं, थंडावा मात्र मिळत नाही. ‘आज काय मस्त घाम निघाला’ असं कौतुकानं म्हणतात, तेव्हा मला नेहमी त्या घामापैकी उडाला किती, हे विचारावंसं वाटतं.

त्यात या पट्ट्याची स्वतःची अडचण आहे. समुद्रावरचा वारा दुपारी इथवर पोहोचायला उशीर करतो, आणि घाटापलीकडून तापलेले पूर्वेचे वारे सुटले तर बदलापूरचा पारा मुंबईच्या पुढे चार-पाच अंश जातो. उन्हाळ्यात इथं ४२ अंशांच्या नोंदी होतात. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री घर तापवत राहते. वरच्या मजल्यावर राहणारा माणूस नीट झोपलेला नसतो, रात्रभरात घामही गेलेला असतो. त्यात आठवडाभर लोकलचे धक्के खाल्लेले. असा माणूस पहाटे साडेचारला उठून, चहाचा घोट घेऊन धावायला निघतो. शरीराची सुरुवातच उधारीवर होते.

पारा फार चढलेला नसतानाही उष्णता जीव घेते, हे आपण जवळच पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा बळी गेला. तिथं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं आणि लोक तर नुसते बसलेले होते. धावणाऱ्यांचंही उदाहरण आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. अशा प्रत्येक मृत्यूमागे उष्णताच असते असं नाही, हृदयाचा लपलेला आजारही असू शकतो. पण दमट हवेत, सवय नसताना, जीव तोडून धावणं हा घातक मेळ आहे. आणि भरतीच्या मुलाला ‘आज बरं वाटत नाही, उद्या येतो’ म्हणण्याची सोय नसते.

धावून आल्यावर बरं न वाटण्याची कारणं वेगवेगळी असतात. थांबल्या थांबल्या चक्कर येते, ती बहुतेकदा साधी असते. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. अचानक थांबलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. पाय उंच ठेवून आडवं व्हावं. एरवीही धावणं संपल्यावर दहा मिनिटं चालत राहावं.

मळमळ पोटातून येते. कातडीला आणि स्नायूंना जास्त रक्त हवं असल्यानं शरीर आतड्यांचं रक्त कमी करतं. त्या अवस्थेत एकदम थंडगार पाणी किंवा गोड पेय ओतलं की उलटीच होणार. घोट-घोट घ्यावं. मीठ घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत किंवा ताक बरं. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावरचं नीट वाचून घ्या, नावापुरतं ओआरएस म्हणवणारी गोड पेयं दुकानांत असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते नाव असं वापरायला मनाई केली.

पण जास्त पाणी प्यायलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी आढळलं. प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्यानं रक्त पातळ होतं. लक्षणं तीच, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ. मग घरचे आणखी पाणी पाजतात, आणि अवस्था बिघडते. बोटांतली अंगठी घट्ट वाटत असेल, धावण्याआधीपेक्षा वजन वाढलं असेल, तर पाणी थांबवून डॉक्टर गाठावा.

डोकं दुखतं म्हणून धावून आल्याबरोबर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेण्याची सवय पुष्कळांना आहे. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, अंग विलक्षण दुखू लागलं, तर स्नायू झिजून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

सगळ्यात घातक तो उष्माघात. धावणारा असंबद्ध बोलू लागला, चिडला, तोल जाऊ लागला, कोसळला, तर अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धावणाऱ्याच्या उष्माघातात घाम बऱ्याचदा सुटलेलाच असतो. क्रोसिनसारख्या गोळीचा इथं उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. अमेरिकेत फालमथ गावच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले आणि सगळे वाचले, कारण त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं. आपल्याकडे टब कुठून आणणार? पण सोसायटीचा नळ आणि पाइप असतो, सरबताच्या गाडीवर बर्फ असतो. अंगभर पाणी ओतत राहा, ओले टॉवेल बदलत राहा, वारा घाला. १०८ ला फोन एकानं करावा, बाकीच्यांनी पाणी सोडू नये. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नका.

शरीर उन्हाळ्याला सरावतं, फक्त दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. गावी आठवडाभर जाऊन आलात, तापातून उठलात किंवा जुलाब झाले, तर अंतर पुन्हा कमी करून सुरुवात करावी. रोजचा वेग मे महिन्यात धरून ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. बोलता येईल इतक्याच गतीनं धावा.

प्यायचं किती, हे ज्याचं त्यानंच शोधायचं. निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते दिवसभरात, खाण्याबरोबर भरून काढा. ६५ किलोच्या माणसाचं दीड किलोपेक्षा जास्त घटत असेल, तर बाटली मोठी घ्यायला हवी किंवा फेरी लहान करायला हवी. आणि वजन वाढलेलं दिसलं, तर पुढच्या रविवारी बाटली अर्धीच भरून न्या.