‘मेट्रोपोलिस’ मूकपटाची त्रुटित प्रत व तिचा वंशविस्तार

त्रुटित प्रतीवरून परंपरा कशी वाढते, याचें एक उदाहरण मूकपटांच्या इतिहासांत आहे. फ्रिट्झ लांग याचा ‘मेट्रोपोलिस’ ता. १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें प्रथम दाखविला गेला. लांबी ४१८९ मीटर. त्याच वर्षीं कातर लागून जवळजवळ चतुर्थांश भाग गेला, व पुढें जगानें पाहिला तो हा गाळीव पाठ.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील सोनेरी यंत्रमानवाची पूर्वज लांगची यंत्रस्त्री होय. ‘ब्लेड रनर’ (१९८२) मधील नगरही त्याच्याच नगराच्या वंशांतलें. जपानी चित्रकार ओसामु तेझुका याची गोष्ट तर विलक्षण आहे. यंत्रस्त्रीचें एक छायाचित्र तेवढें पाहून त्यानें १९४९ सालीं त्याच नांवाची चित्रकथा रचिली. तीवरून २००१ सालीं चित्रपट निघाला. एका सुट्या पानावरून अख्खी नवी पोथी!

२००८ सालीं ब्युनोस आयरेस येथील चित्रपटसंग्रहालयांत १६ मिलिमीटरची एक दीर्घ नक्कल उजेडांत आली. तिचें मूळ नष्ट झालें आहे. मात्र मुळावरील ओरखडे नकलेंत जसेच्या तसे उतरले आहेत. प्रसंगांचा क्रम लावण्यास हुप्पेर्ट्झ याच्या संगीताची स्वरलिपी उपयोगी पडली. २०१० च्या पाठांत सुमारें २५ मिनिटांची भर पडली. परंतु या भरीचा प्रभाव वरील कृतींत शोधणें आमच्या मतें कालविपर्यास होय. त्यांची तुलना गाळीव पाठाशींच केली पाहिजे. फ्रेडरसन व रोटवांग यांची झटापट अद्याप गहाळच असून ती केवळ लेखी पाट्यांवरून कळते.