जुन्या प्रवेश-नियंत्रण प्रणालींचे नूतनीकरण : केवळ नियंत्रक बदलणे पुरेसे आहे काय?

प्रस्तावना :
प्रयोगशाळा, परीक्षा विभाग, सर्व्हर कक्ष अशा ठिकाणी कार्डाने उघडणारी दारे अनेक संस्थांत आढळतात. ही यंत्रणा जुनी झाली की तिचा नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर, बदलण्याचा प्रस्ताव पुढे येतो. त्यातून नेमके काय साध्य होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या प्रणालीची रचना :
कार्ड, रीडर, नियंत्रक व विद्युत कुलूप हे या प्रणालीचे चार प्रमुख घटक होत. रीडर कार्डाचा क्रमांक नियंत्रकाकडे पाठवितो आणि प्रवेशाचा निर्णय नियंत्रक घेतो. जुन्या प्रणालींत हा क्रमांक बहुधा वीगंड पद्धतीने जातो. तिच्या प्रचलित रूपात २६ बिट असतात : ८ संस्थेच्या संकेतांकासाठी, १६ कार्ड-क्रमांकासाठी व २ त्रुटी-तपासणीसाठी. हा संदेश एकतर्फी असतो व कूटबद्ध नसतो.

नियंत्रक-बदलाच्या मर्यादा :
नव्या नियंत्रकामुळे नोंदी तत्काळ मिळतात आणि हरवलेले कार्ड सर्व दारांवर एकाच वेळी रद्द करता येते. हे लाभ निश्चितच महत्त्वाचे आहेत. परंतु १२५ किलोहर्ट्झवर चालणारी साधी कार्डे आपला क्रमांक कोणत्याही सुसंगत रीडरला देतात; त्यांची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक कार्डाची कूटपद्धतीही भेदता येते, हे नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. नक्कल केलेले कार्ड नव्या नियंत्रकालाही अस्सलच वाटते. परिणामी, नोंदीत निर्दोष व्यक्तीचे नाव उमटते आणि ती नोंद अधिक विश्वासार्ह मानली जाते.

नूतनीकरणाचा क्रम :
ओएसडीपी ही पद्धत आरएस-४८५ जोडणीवर दुतर्फा संवाद साधते व १२८ बिटांच्या एईएस कूटलेखनाची सोय देते. २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. मात्र ही कूटलेखनाची सोय जाणीवपूर्वक सुरू करावी लागते आणि मूळ किल्ली बदलावी लागते. म्हणून प्रथम जुन्या व नव्या दोन्ही पद्धती जाणणारा नियंत्रक, नंतर दोन्ही प्रकारची कार्डे वाचणारे रीडर व शेवटी नवी कार्डे, असा क्रम सोयीचा ठरतो. जुन्या तारा चाचणीनंतर पुष्कळदा उपयोगी पडतात. आग लागल्यास आतील व्यक्तीला कार्डाविना बाहेर पडता येईल, याची खात्री प्रत्येक टप्प्यावर केली पाहिजे.

निष्कर्ष :
नियंत्रक बदलल्याने व्यवस्थापन सुधारते. सुरक्षितता मात्र कार्ड, रीडर व त्यांना जोडणारी तार यांवरही अवलंबून असते. जुनी कार्डे वाचण्याची सोय ज्या दिवशी बंद होते, त्याच दिवशी नूतनीकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल. निविदेत या दिवसाची तारीख नमूद असणे आवश्यक आहे.