फाटला ओठ, ग्रहणाला बोल

बाळ फाटक्या ओठाचे जन्मले, की वाईच्या खोऱ्यात काय नि आणखी कुठे काय, बोट आईकडेच वळते. ‘ग्रहणात विळीवर बसली असशील!’ पण ओठ आणि टाळू गर्भात पहिल्या दोन-अडीच महिन्यांत सांधतात. सांधा जुळला नाही, की फट राहते. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. जगात सुमारे सातशे बाळांमागे एकाला असे होते.

पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लॅस्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते दरवर्षी मायदेशी येत आणि शिबिरांतून अशा मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करीत. पुढे कर्करोगात स्वरयंत्र गेले, तरी काम थांबले नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते वारले.

पाहुणा डॉक्टर टाके घालून जातो. पुढचे काम घरच्यांचे. बाळाला उभे धरून, आईचे दूध काढून वाटी-चमच्याने सावकाश पाजावे. वजन वाढले, की ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात. टाळू शिवली तरी बोलणे गेंगाणे राहू शकते. त्यासाठी वाचातज्ज्ञ उच्चार शिकवतात. तो सराव घरी रोज करून घ्यावा.

आता शिबिराची वाट पाहत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. त्याला बाळ दाखवावे. शस्त्रक्रिया मोफत होते. आणि सुनेला बोल लावणे आजच थांबवावे. त्याला तर डॉक्टरही लागत नाही.