निळी गोळी आणि रोजा

‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. नियम साधा: उपाशीपोटी घ्यायची नाही. रमजानमध्ये इथेच अडते. रोजेदार मुलगी संकोचाने गोळी दप्तरात टाकते, ती तिथेच राहते. त्यापेक्षा बाईंना रोजा असल्याचे सांगावे, आईने इफ्तारनंतर जेवण झाल्यावर गोळी द्यावी. लगेच चहा नको, लोह नीट शोषले जात नाही.

राजुरा परिसरात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्यांच्या अंगातले पाणी कमी झाले की वेदना उसळतात. सूरह बकरात आजाऱ्याला सवलत आहे: राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. लेकराने आजार लपवू नये, घरच्यांनी लपवू देऊ नये.